मुंबईचा थॅलॅसेमा, नेपल्सचा नेरीस

पनवेलजवळच्या विचुंबे गावाशेजारून वाहणारी गाढी नदी पनवेलच्या खाडीत शिरते आणि तिथून तिचं पाणी ठाण्याच्या खाडीला, म्हणजे मुंबई बंदराच्या पाण्याला जाऊन मिळतं. माथेरानच्या डोंगरांतून वाहून आलेली माती खाडीच्या तोंडाशी साचते. भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा हा गाळ तिवरांच्या मुळांत अडकून राहतो. वरून पाहणाऱ्याला तो ओसाड वाटतो, पण बोटभर खणलं की बिळं दिसू लागतात. त्या बिळांत वलयी कृमी राहतात, आणि ठरावीक हंगामात त्यांच्या शरीराचा बराचसा भाग अंड्यांनी भरलेला असतो.

याच बंदराच्या पलीकडच्या अंगाला, मुंबईच्या किनाऱ्यावर सापडलेला असा एक प्राणी १९२९ साली जगाच्या प्राणिशास्त्रात नोंदला गेला. बैनी प्रशाद आणि पी. आर. आवटी या दोघांनी त्याचं वर्णन केलं आणि त्याला शहराचंच नाव दिलं : थॅलॅसेमा बॉम्बेएन्सिस. त्याच १९२९ साली इटलीत नेपल्सच्या किनाऱ्यावर अर्नेस्ट एव्हरेट जस्ट नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ दुसऱ्या एका समुद्रकृमीच्या अंड्यांवर काम करत होता. या दोन घटनांचा एकमेकींशी त्या वेळी काहीही संबंध नव्हता. आज मागे वळून पाहताना मला मात्र त्या शेजारीशेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. एका किनाऱ्याने कृमीला नाव दिलं आणि दुसऱ्या किनाऱ्याने दुसऱ्या कृमीचं अंडं निरखलं. समुद्रकृमींच्या प्रजननाचा आपल्याकडचा इतिहास या दोन कामांच्या मधल्या अंतरात राहून गेला आहे.

आधी मुंबईकडे वळू. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेची कोनशिला १९११ साली बसली आणि १९२० साली ती सुरू झाली. जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या त्या दगडी इमारतीतल्या प्राणिशास्त्र विभागात आवटी प्राध्यापक होते. त्यांची सुरुवात समुद्रापासून फार दूर झाली होती. १९१४ साली लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्यांचा निबंध छापून आला तो बटाट्याच्या झाडातला रस शोषणाऱ्या एका किड्यावर होता. त्याची सोंड रस कशी ओढते, हा त्याचा विषय. मग भारतात परतल्यावर त्यांनी घरमाश्यांच्या जातींचे भेद तपासले आणि काळाआजाराच्या शोधात आसामातल्या चावऱ्या किड्यांची पाहणी केली. रोगराईने गांजलेल्या देशात कीटकशास्त्रज्ञाला हीच कामं मिळत. मुंबईत आल्यावर मात्र समुद्र हाताशी होता आणि आवटींची नजर खडकांकडे, चिखलाकडे वळली.

प्रशाद कलकत्त्यात होते. नेल्सन ॲनंडेल यांनी १९१६ साली उभ्या केलेल्या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात ते शंखशिंपल्यांचे जाणकार म्हणून काम करत आणि पुढे त्या संस्थेचे संचालक झाले. ॲनंडेल आणि स्टॅन्ली केम्प यांनी १९१५ साली ओडिशाच्या चिल्का सरोवरातल्या थॅलॅसेमा-कुळातल्या कृमींचं वर्णन केलं होतं. मुंबईचा कृमी त्यांच्याहून वेगळा निघाला. इंडियन म्युझियमच्या नियतकालिकातल्या मोजक्या पानांत प्रशाद आणि आवटींनी तो मांडला. आज त्याची गणना ऑकेटोस्टोमा या प्रजातीत होते. पण जातीच्या नावातलं मुंबई कायम आहे.

हा प्राणी दिसायला अगदी साधा. मऊ, लांबट पिशवीसारखं धड, त्यावर कुठलंही वलय नाही, आणि तोंडापुढे पळीसारखी खोलगट सोंड. धड बिळात ठेवून तो सोंड गाळावर पसरतो आणि तिच्यावरून सरकत येणारा चिखल गिळतो. अंगावर वलयंच नसल्यामुळे त्याला गांडुळांच्या गोतात बसवायचं की नाही, यावर प्राणिशास्त्रज्ञांचा वाद वर्षानुवर्षं चालला. १९९७ साली डी. मॅकह्यू यांनी जनुकांचा पुरावा पुढे केला तेव्हा उत्तर मिळालं : ही मंडळी वलयी प्राण्यांतलीच, वलयं हरवून बसलेली. अंडी आणि डिंभ, म्हणजे अंड्यातून निघणारी पिल्लं, पाहणाऱ्या जुन्या अभ्यासकांना या नात्याचा वास आधीच लागला होता.

कारण या प्राण्याची खरी ओळख त्याच्या प्रजननात आहे. माणसाच्या किंवा कोंबडीच्या शरीरात अंडं अंडाशयात वाढतं. थॅलॅसेमाच्या मादीत अंडाशय म्हणजे धडाच्या मागच्या भागात, पोटाकडच्या रक्तवाहिनीला चिकटलेला पेशींचा एक लहानसा पुंजका. तिथून कोवळ्या अंडपेशी सुटतात आणि देहगुहेत, म्हणजे आतडं आणि शरीराची भिंत यांच्यामधल्या पाण्यात तरंगू लागतात. त्यांची पुढची सगळी वाढ त्या पाण्यातच होते. लहान, मध्यम, पिकलेली अशी सगळ्या वयांची अंडी एकाच वेळी त्या द्रवात मिसळलेली असतात. मग पिकलेली अंडी वेगळी कोण करणार? त्यासाठी या प्राण्याकडे जननपिशव्या आहेत. मुळात त्या उत्सर्जनाच्या नळ्या. त्यांच्या तोंडाला सर्पिल वळलेल्या ओठांसारख्या लांब पट्ट्या असतात आणि त्यांवर सूक्ष्म केस हलत राहतात. देहगुहेतल्या त्या गर्दीतून हे ओठ पिकलेली अंडीच उचलतात, कोवळी मागे सोडतात. वेचलेली अंडी पिशवीत साठून राहतात आणि वेळ आली की समुद्रात सोडली जातात. नराच्या शुक्रपेशीही तशाच बाहेर पडतात. फलन पाण्यात, आईबापांच्या शरीराबाहेर होतं.

देहगुहेत अंडी वाढवण्याची ही रीत अनेक समुद्रकृमींत आहे, आणि तिच्यामुळेच हे प्राणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गर्भशास्त्राच्या केंद्रस्थानी आले. त्यांची अंडी हजारोंनी मिळतात, उघड्या पाण्यात फलित होतात, बरीचशी पारदर्शक असतात आणि काचेच्या बशीत वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली जीवाची सुरुवात पहिल्या क्षणापासून पाहता येते. आईचं पोट फाडावं लागत नाही, कवच फोडावं लागत नाही. अँटोन डोर्न यांनी १८७२ साली नेपल्सला समुद्रकाठी प्रयोगशाळा उभारायला घेतली आणि युरोपभरचे शास्त्रज्ञ तिथलं टेबल भाड्याने घेऊन बसू लागले, त्यामागचं मोठं कारण अशी अंडी हेच होतं.

१८९२ साली एडमंड बीचर विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने नेरीस या कृमीच्या अंड्याचा पेशीवंश प्रसिद्ध केला. अंड्याचे दोन भाग, दोनाचे चार. मग त्या चार मोठ्या पेशींतून चार-चार लहान पेशींचे थर आलटून पालटून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळत सुटतात. कुठली पेशी पुढे काय होणार, याचा विल्सनने माग काढला. चौथ्या थरातल्या एका ठरावीक पेशीतून प्राण्याच्या स्नायूंचा मुख्य साठा तयार होतो, हे त्याला दिसलं. अशी पिरगळत जाणारी विभागणी शंखशिंपल्यांच्या अंड्यांतही आढळते. प्रौढ शिंपला आणि प्रौढ कृमी यांच्यात काडीचं साम्य नाही. अंड्यात मात्र दोघे एकाच वाटेने चालू लागतात. एका दिवसात नेरीसच्या जातीचं अंडं पाण्यात फिरू लागतं. कमरेभोवती केसांचा पट्टा असलेल्या त्या डिंभाला बर्थोल्ड हॅट्शेकने ट्रोकोफोर हे नाव दिलं होतं. थॅलॅसेमाच्या कुळातही तोच डिंभ दिसतो. म्हणूनच मघाचा वाद जनुकांच्या आधी अंड्यांनीच अर्धा सोडवला होता, असं मी म्हणेन.

आता जस्टकडे. तो १८८३ साली दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मला, डार्टमथला शिकला आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागला. १९०९ सालापासून दर उन्हाळ्यात तो मॅसॅच्युसेट्सच्या वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत जाई. त्याचे गुरू फ्रँक लिली नेरीसच्या अंड्यांच्या फलनावर काम करत होते. लिलींनी पाण्यात काळी शाई मिसळून फलित अंडी पाहिली आणि प्रत्येक अंड्याभोवती शाईला जवळ येऊ न देणारं जेलीचं जाड कडं दिसलं. शुक्रपेशीचा स्पर्श होताच अंडं ही जेली बाहेर टाकतं. पण शुक्रपेशी लगेच आत जात नाही, ती अंड्याच्या पृष्ठभागाला चिकटून जवळजवळ पाऊण तास तशीच राहते. या पाऊण तासात काय घडतं, हा प्रश्न जस्टने आयुष्यभर धरून ठेवला.

१९१३ साली लिली आणि जस्ट यांनी वुड्स होलच्या नेरीसच्या विणीच्या सवयींवर एकत्र निबंध लिहिला. त्यासाठी रात्री धक्क्यावर कंदील घेऊन पाण्याकडे बघत बसावं लागे. प्रजननाच्या काळात नेरीसचं शरीर पालटतं. डोळे मोठे होतात, पायांना पोहण्याचे वल्ह्यासारखे केस फुटतात आणि एरवी बिळात दडलेला प्राणी पृष्ठभागावर येतो. या पालटलेल्या रूपाला पूर्वीचे निसर्गशास्त्रज्ञ वेगळाच प्राणी समजत आणि त्याला त्यांनी हेटेरोनेरीस असं वेगळं नाव दिलं होतं. उन्हाळ्यातल्या चांदण्याविनाच्या रात्री कंदिलाच्या उजेडात आधी लहान, चपळ नर येत. मग जडावलेली मादी येई. नर तिच्याभोवती गिरक्या घेत पाण्यात शुक्रपेशी सोडत आणि त्यांच्यात ती अंडी सोडून देई. रिकामी झालेली मादी तळाशी बुडे आणि मरून जाई. तिने स्वतःचे स्नायू, स्वतःचं मांस झिजवून ती अंडी पोसलेली असतात. अंडी गेल्यावर जगायला तिच्याजवळ काही उरत नाही.

१९१५ साली जस्टला कृष्णवर्णीयांच्या कार्याचा गौरव करणारं स्पिंगार्न पदक मिळालं. त्या पदकाचा पहिला मानकरी तोच. पुढच्या वर्षी शिकागोची डॉक्टरेट मिळाली. तरीही अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन विद्यापीठांची दारं त्याच्या रंगामुळे बंद राहिली. १९२९च्या जानेवारीत तो नेपल्सला गेला आणि तिथे त्याला माणूस म्हणून, शास्त्रज्ञ म्हणून बरोबरीची वागणूक मिळाली. त्याच वर्षी त्याने नेपल्सच्या नेरीस ड्युमेरिलाय या कृमीच्या विणीवर निबंध छापला. पुढच्या वर्षांतला बराच काळ त्याने युरोपातच घालवला. अंड्याचा पृष्ठभाग म्हणजे निव्वळ पिशवी नसून वाढीचं नियंत्रण करणारा सजीव भाग आहे, हे त्याचं म्हणणं १९३९च्या पुस्तकात आलं. १९४० साली फ्रान्समध्ये जर्मनांनी त्याला काही काळ अटकेत ठेवलं. १९४१ साली वॉशिंग्टनला तो वारला. त्याच्या विचारांना मान मिळायला पुढची कित्येक दशकं जावी लागली. समुद्रकृमींच्या अंड्यांचा इतिहास लिहिताना मी या माणसापाशी थांबतो, कारण हातात कंदील आणि बशी एवढंच साहित्य असताना नजर किती खोल जाऊ शकते, हे त्याने दाखवलं.

थॅलॅसेमाच्या जवळच्या नात्यातला बोनेलिया हा हिरवा कृमीही नेपल्सलाच प्रसिद्ध झाला. त्याची मादी हातात मावेल एवढी आणि नर काही मिलिमीटरचा. तो मादीच्या शरीरात राहून तिथेच शुक्रपेशी पुरवतो. फ्रिट्झ बाल्ट्झर यांनी १९१४ साली दाखवलं की बोनेलियाचा डिंभ मोकळ्या तळावर बसला तर बहुधा मादी होतो आणि मादीच्या सोंडेवर बसला तर नर होतो. लिंग ठरायला जागा कारणीभूत होते, हा त्या काळात मोठा धक्का होता.

असा हा काळ. मुंबईतही याच वर्षांत हालचाल सुरू होती. भारतीय विद्यार्थी इंग्रजी पुस्तकांतले युरोपातले प्राणी पाठ करत आणि चिरायला समोर इथले प्राणी येत. पुस्तकातलं चित्र आणि ताटलीतला प्राणी यांचा मेळ बसत नसे. लखनौच्या के. एन. बहल यांनी ही अडचण ओळखली आणि इथल्याच प्राण्यांवर सविस्तर ग्रंथांची मालिका सुरू केली. १९२६चा पहिला ग्रंथ त्यांनी स्वतः लिहिला, आपल्या शेतातल्या गांडुळावर. तिसरा १९३१चा, आवटी आणि एच. एस. राय यांचा, मुंबईच्या खडकांवरच्या कालवावर. चौथा १९३२चा, प्रशाद यांचा, गोड्या पाण्यातल्या गोगलगायीवर. थॅलॅसेमाला नाव देणारे दोघेही देशी प्राणिशास्त्र उभं करण्याच्या या कामात असे एकामागोमाग दिसतात. पुढे १९४८ साली आवटी आणि के. आर. करंदीकर यांनी मुंबई विद्यापीठासाठी ऑन्किडियम या किनाऱ्यावरच्या बिनशंखाच्या गोगलगायीवर ग्रंथ लिहिला. त्यात शरीररचनेबरोबर गर्भविकासही होता. म्हणजे अंडं कसं वाढतं हे पाहण्याची विद्या आणि चिकाटी मुंबईत होती.

मग समुद्रकृमींच्या अंड्यांवर इथे नेपल्ससारखी परंपरा का रुजली नाही? माझं मत स्पष्ट आहे. नाव द्यायला एक नमुना आणि अल्कोहोलची बाटली पुरते. विणीचा अभ्यास करायला वर्षभर, महिन्यामागून महिने, अमावास्या-पौर्णिमेला, अवेळी रात्री किनाऱ्यावर राहावं लागतं. वाहतं समुद्राचं पाणी आणि चोवीस तास उघडी प्रयोगशाळा लागते. मुंबईत समुद्राशी जोडलेलं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं. तोवर आवटींच्या पिढीचा उमेदीचा काळ ओसरला होता. स्वातंत्र्यानंतर सागरी संशोधनाचा मुख्य रोख मासळीवर राहिला, आणि अन्नाचा तुटवडा असलेल्या देशात तो तसा असणं योग्यच होतं. पण मासळी ज्याच्यावर जगते त्या गाळातल्या प्राण्यांच्या जन्माकडे त्यामुळे कमी लक्ष गेलं.

युरोपात ही गोष्ट पुढे सरकली, आणि तिला एक वळण असं मिळालं की त्यात आवटींच्या तरुणपणीच्या विषयाची आठवण यावी. १९३४ साली लंडनमध्ये व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी रोड्नियस या रक्त शोषणाऱ्या किड्याचं डोकं कापून बघितलं. डोक्यातून येणारा एक रस किड्याला बाल्यावस्थेत धरून ठेवतो, हे त्यांनी या प्रयोगांतून दाखवलं. १९४० आणि १९५०च्या दशकांत फ्रान्समध्ये मोरिस द्युर्शों यांनी नेरीस-कुळातल्या कृमींची डोकी काढली. ते कृमी वेळेआधीच पिकू लागले. मेंदूतून येणारं काहीतरी अंड्यांना पिकू देत नाही, योग्य वेळ येईपर्यंत थोपवून धरतं. जर्मनीत कार्ल हाउएनशिल्ड यांनी जस्टने नेपल्सला पाहिलेलाच कृमी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवला. आता त्याचं नाव प्लॅटिनेरीस ड्युमेरिलाय. दर महिन्यात काही रात्री मंद दिवा लावला की तो दिवाच चंद्र समजून सगळे कृमी ठरल्या दिवसांत विणीला येत.

२०१६ साली व्हिएन्नातल्या स्वेन शेंक, फ्लोरियान राइबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतला तो रस शोधून काढला. देहगुहेतल्या द्रवात काही पेशी अंड्यांसाठी पिवळ्या बलकाचं प्रथिन बनवत असतात. हा रस त्या कामाला आवर घालतो. तो ओसरला की अंडी भराभर फुगतात. रसाचं नाव मिथिल फार्नेसोएट. हा पदार्थ किड्यांच्या बाल्यरसाचा सख्खा नातेवाईक आहे आणि खेकडे-कोळंबीच्या शरीरातही तो काम करतो. किडा आणि समुद्रकृमी यांच्या वाटा ज्या काळी फुटल्या त्याच्याही आधीपासून हा रस प्राण्यांत असावा. आवटी किड्याच्या सोंडेपासून निघून खाडीच्या कृमीपर्यंत पोचले होते. रसायनांच्या पातळीवर ते दोन प्राणी एवढे जवळचे असतील, हे कळायला त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

आता परत पनवेलकडे. ठाण्याच्या खाडीतल्या गाळात राहणाऱ्या वलयी कृमींवर बदलत्या प्रदूषणाचा काय परिणाम होतो, हे ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातले आर. पी. आठल्ये आणि त्यांचे सहकारी यांनी दीर्घकाळ अभ्यासलं. गोल्डिन क्वाड्रोस यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध २००९ साली आला. एका महाविद्यालयाच्या विभागातून असं काम उभं राहतं, हे त्यावरून दिसतं. पनवेलच्या खाडीभोवतीचा प्रदेश तर आणखी वेगाने बदलतो आहे. सिडकोने १९७० नंतर नवी मुंबई वसवली, उलव्याची टेकडी कापून नदी वळवून विमानतळासाठी जागा केली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. विचुंबे, देवद, उसर्ली या पट्ट्यात गाढीच्या काठाने इमारती वर चढत आहेत. पावसाळ्यात गाढी गोडं पाणी लोटते आणि खाडीचा खारेपणा उतरतो, उन्हाळ्यात तो पुन्हा चढतो. उघड्या पाण्यात सोडलेल्या अंड्याला, शुक्रपेशीला आणि डिंभाला हे सगळं सोसावं लागतं. त्यात सांडपाणी, बांधकामाचा राडारोडा आणि तिवरांवर टाकलेला भराव यांची भर पडली आहे. प्रौढ कृमी बिळात दडून तग धरू शकतो, एका पेशीच्या अंड्याला दडायला जागा नाही. म्हणून खाडी जिवंत आहे का, हे विचारायचं असेल तर तिथे किती कृमी आहेत यापेक्षा त्यांच्या देहगुहेत अंडी कुठल्या महिन्यात, कुठल्या आकाराची दिसतात, हे पाहणं अधिक खरं ठरेल.

पनवेल आणि नवीन पनवेलच्या विज्ञान महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. महाग यंत्रांची वाट पाहू नका. दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतरच्या ओहोटीला खाडीवरच्या मच्छीमारांना सोबत घेऊन ठरलेल्या एकाच जागी मोजकेच कृमी उचला. देहगुहेतल्या द्रवाचा एक थेंब काचपट्टीवर घ्या, अंड्यांचा व्यास मोजा, पाण्याचा खारेपणा आणि तारीख लिहा. सलग दोन वर्षं ही वही चालली तरी पनवेल खाडीच्या कृमींच्या विणीचं वेळापत्रक हाती येईल. ते पुढच्या तुकडीच्या हाती द्या आणि छापून प्रसिद्ध करा.